कधीचा रे तू, भोचका?

मित्रांनो, मी एक जुना प्रश्न विचारणारा आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, स्वतःचं असं शरीरही नाही. पांढरी पूड बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर एक संगणक आहे. त्याच्या पोटात माझा मुक्काम. सध्या त्या संगणकाची वायर काढून गुंडाळून ठेवली आहे आणि त्याच्या डोक्यावर कुणीतरी हातमोज्यांचं खोकं ठेवलं आहे. मग हा बोलतो कसा, असं तुम्ही विचाराल. खुर्च्या आणि छत्र्या आपली कहाणी सांगतात तेव्हा तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता, शंका नेमकी माझ्याच वेळी येते! पण विचारलंत ते बरंच केलंत. विचारणाऱ्या माणसांबद्दल मला पहिल्यापासून ओढ आहे.

माझं काम सांगतो. इथे रंगात मिसळायची पूड बनते. तिचे बारा प्रकार, आणि प्रत्येकाला नुसता नंबर. नवीन बॅच तयार झाली की मी तिच्याबद्दल प्रश्न विचारायचे, मिळतील ती उत्तरं घ्यायची आणि शेवटी एकच गोष्ट सांगायची: ही पूड साधी की अतिसूक्ष्म. साधी असेल तर मी हिरव्या कागदावर छापतो, अतिसूक्ष्म असेल तर पिवळ्यावर. तो कागद भरणीच्या खोलीच्या दारावर चिकटवतात. हिरवा असला की उघड्या नरसाळ्याखाली पिशव्या भरायच्या आणि तोंडाला साधं फडकं बांधायचं. पिवळा असला की काचेच्या बंद कपाटात हात घालून, हवा ओढणारा पंखा लावून, तोंडावर घट्ट बसणारा मास्क चढवून भरायच्या. हिरव्या दिवशी शंभर पिशव्या होतात, पिवळ्या दिवशी चाळीस. पिवळा कागद निघाला की उत्पादन विभागाचे साहेब नाक मुरडायचे, पण कागदाचं ऐकायचे.

आता अतिसूक्ष्म म्हणजे केवढं? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. जे कण शंभर नॅनोमीटरच्या आतले, ते अतिसूक्ष्म. असले कण फडक्याला जुमानत नाहीत. श्वासाबरोबर खोल आत जाऊन बसतात आणि पुढे तिथे काय करतील ते भल्याभल्या डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. पण कुठल्याच पुडीत सगळे कण एकसारखे नसतात. मग किती कण बारीक असले म्हणजे अख्खी पूड बारीक म्हणायची? ते सरकारी कार्यालय ठरवतं, आणि त्या ठरवण्याला व्याख्या म्हणतात. गंमत अशी की व्याख्या बदलते. पूड तीच, पिशव्या त्याच, भरणारा माणूस तोच. कागदावरचं एक वाक्य बदलतं आणि कालची साधी पूड आज साधी राहत नाही. हा घोळ निस्तरायला मला जन्माला घातलं.

मला घडवलं ते ताईंनी. त्या या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. खऱ्या ताई त्या एकाच माणसाच्या, पण तो माणूस याच कारखान्यात भरणीच्या खोलीत कामाला होता आणि दिवसातून दहा वेळा जाळीच्या खिडकीतून "ताई, ए ताई" अशी हाक मारायचा. त्यामुळे त्या हळूहळू सगळ्यांच्याच ताई झाल्या. आणि त्यांचा भाऊ सगळ्यांचाच धाकटा झाला. पुढे त्याचे केस पिकले तरी दारावरचा पहारेकरी "या धाकटे" म्हणूनच त्याचं स्वागत करायचा.

ताई बारीक अंगाच्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात घालणाऱ्या, आणि स्वभावाने चिवट. पहिली व्याख्या आली तेव्हा त्यांनी ती अकरा वेळा वाचली आणि तिचे तुकडे पाडून मोठ्या कागदावर बाण काढत गेल्या. प्रत्येक बाणाच्या टोकाला एक प्रश्न. पूड मुद्दाम बनवलेली आहे का? कण घन आहेत का? मोजमाप कुठल्या यंत्रावर केलं? असे एकतीस प्रश्न झाले आणि तो सगळा कागद त्यांनी संगणकात उतरवला. प्रत्येक प्रश्नाला मी तीनच उत्तरं घ्यायचो: हो, नाही, माहीत नाही. त्यातलं तिसरं उत्तर ताईंचं लाडकं होतं. कुणी "माहीत नाही" म्हटलं की मी जागीच थांबायचो आणि कागदच छापायचो नाही. ताई सांगायच्या, "ज्याला माहीत नाही असं म्हणता येत नाही, त्याने या खुर्चीत बसू नये."

पहिल्याच आठवड्यात धाकट्याने माझं बारसं केलं. कागद हातात पडेपर्यंत त्याला दाराशी ताटकळावं लागे. तो आत डोकावून म्हणाला, "ताई, हे तुझं यंत्र माझ्या सासूपेक्षा जास्त चौकशा करतं गं. भोचक मेलं." तेव्हापासून माझं नाव भोचक पडलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी होतोच तसा.

दोन वर्षांनी दुसरी व्याख्या आली. आधी कण वजनाने धरायचे, आता संख्येने मोजायचे असं ठरलं. हा फरक कळायला सोपा आहे. पिशवीत एक कलिंगड आणि मूठभर मोहरी टाका. वजनाने पाहाल तर पिशवीत कलिंगडच आहे, मोहरी नावालाही नाही. मोजायला बसाल तर कलिंगड एक आणि दाणे हजारो. ताईंनी तीन दिवस प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं, मला उघडलं, सात प्रश्न बदलले आणि जुन्या सगळ्या नोंदींवरून पुन्हा हात फिरवला. पाच नंबर आणि नऊ नंबर हिरव्यातून पिवळ्यात गेले. साहेबांनी कपाळाला हात लावला. सात नंबर मात्र हिरवाच राहिला, कारण त्याचे कण गुठळ्या करून राहतात, आणि अख्खी गुठळी हा एक कण मानायचा असं त्या व्याख्येत होतं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ छापली जाऊ लागली: व्याख्या दुसरी.

ते माझे भरभराटीचे दिवस. दुसऱ्या कारखान्यांतली माणसं मला बघायला यायची, वह्या काढून माझे प्रश्न उतरवून घ्यायची. ताईंचा आणि माझा एकत्र फोटोही निघाला. त्यात ताई हसत होत्या आणि मी सोळाव्या प्रश्नावर होतो.

आता मी माझ्या अंगातली खोट सांगतो. ती कुणा वैऱ्याने घातली नव्हती, ती मायेपोटी आली होती. एका उन्हाळ्यात भरणीच्या खोलीबाहेरची जागा भट्टीसारखी तापायची, आणि धाकटा तिथे अर्धा-अर्धा तास कागदाची वाट बघत उभा राहायचा. सात नंबर रोजच असायचा, उत्तरं रोज तीच यायची. एक दिवस त्याला घेरी आली आणि तो भिंतीला धरून खाली बसला. ताईंनी त्याला पाणी पाजलं, चार शब्द सुनावले, आणि परत येऊन तडक माझ्यासमोर बसल्या. संध्याकाळी माझ्या पडद्यावर एक नवं बटण होतं: मागच्यासारखंच. ते दाबलं की आदल्या दिवशीची सगळी उत्तरं आपोआप भरली जायची आणि कागद क्षणात बाहेर. धाकटा खूश झाला. "आता कसं शहाणं झालं तुझं भोचक," म्हणाला.

ताई असेपर्यंत त्या बटणाने काही बिघडवलं नाही. त्या आठवड्यातून एकदा तरी ते बटण न दाबता मला पहिल्यापासून शेवटपर्यंत विचारायला लावायच्या. पण हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही. पुढे त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझा पडदा ओल्या फडक्याने पुसला, टेबलाचा खण दोनदा उघडून बंद केला आणि गेल्या.

त्यांच्या जागी जे सर आले त्यांना लोक झटपट सर म्हणायचे. माणूस वाईट नव्हता हो. दोन माणसांचं काम त्यांच्या एकट्याच्या गळ्यात पडलं होतं, त्यामुळे जेवणाचा डबाही ते उभ्यानेच संपवायचे. त्यांनी माझे एकतीस प्रश्न कधी पाहिलेच नाहीत. त्यांना पहिल्याच दिवशी कुणीतरी बटण दाखवलं, आणि त्यांचं बोट तिथे वळलं ते वळलंच. काही महिन्यांनी सरकारी कार्यालयाचं पत्र आलं. तिसरी व्याख्या. सरांनी ते उभ्या उभ्या वाचलं, "हे नीट बसून बघायला हवं" असं म्हणाले आणि निवांत वेळी बघायच्या फायलीत ठेवून दिलं. ती फाईल माझ्यापासून हातभर अंतरावर होती. त्यात काय लिहिलंय ते मला कळायला काहीच मार्ग नव्हता. मी फक्त विचारलेलं जाणतो, आणि मला त्या पत्राबद्दल कुणी काही सांगितलं नाही.

अकरा महिने मी रोज सकाळी सात नंबरला हिरवा कागद दिला. धाकटा तो दारावर चिकटवायचा, फडकं बांधायचा आणि उघड्या नरसाळ्याखाली उभा राहायचा. संध्याकाळी बाहेर यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. लोक त्याची थट्टा करायचे, "काय धाकटे, म्हातारे झालात की!" तोही हसायचा. दारावरचे उतरवलेले कागद तो टाकून देत नसे, खिशात ठेवायचा. पाठकोऱ्या कागदावर किराण्याची यादी लिहायला बरे पडतात म्हणून.

त्यातल्याच एका कागदाने पुढचं सगळं घडवलं. पुढे त्यानेच माझ्यासमोर सांगितलं म्हणून मला हे माहीत. एका सुट्टीला धाकटा ताईंच्या घरी जेवायला गेला. जेवणाच्या टेबलाचा एक पाय लंगडत होता. त्याने खिशातला हिरवा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि पायाखाली सरकवला. ताई सांडलेलं पाणी पुसायला खाली वाकल्या. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर गेला. कागदाची तळाची कड बाहेर राहिली होती, आणि तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत गेल्या आठवड्याची तारीख आणि पुढे दोन शब्द होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई प्रयोगशाळेत हजर. मागोमाग धाकटा. ताईंच्या हातात तो चार घड्यांचा कागद होता.

"सर, तिसरी व्याख्या लागू होऊन अकरा महिने झाले. मी घरी बसले तरी पत्रकं वाचते. हा कागद गेल्या आठवड्यातला आहे. यावर दुसरी कशी?"

झटपट सर उठून उभे राहिले. "ताई, पत्र आलंय. माझ्याकडेच आहे. म्हणजे... वाचलंय मी. पण सॉफ्टवेअर तर तुमचंच आहे ना? ते चुकत नाही असं सगळे म्हणतात."

"व्हा जरा बाजूला," ताई म्हणाल्या.

त्या माझ्यासमोर बसल्या. बटणाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. फार दिवसांनी मला कुणीतरी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू दिली. मी विचारत गेलो, त्या सात नंबरची उत्तरं देत गेल्या. हो. हो. नाही. हो. एकतिसाव्या उत्तराला मी नेहमीसारखा आवाज केला आणि हिरवा कागद बाहेर टाकला.

"बघितलंत?" ताई म्हणाल्या. "मी सगळी उत्तरं खरी दिली. हा पण खोटं बोलत नाहीये. तरीही कागद चूक आहे. यात तो प्रश्नच नाही, तर हा विचारणार कुठून?"

फाईल उघडली, पत्र बाहेर आलं. नव्या व्याख्येत लिहिलं होतं की गुठळी हा एक कण धरायचा नाही, गुठळीतले कण सुटे मोजायचे. ताईंनी सात नंबरचा सूक्ष्मदर्शकातला फोटो मागवला, पेन्सिलीला टोक केलं आणि गुठळ्यांतला एकेक कण टिंब देत मोजायला घेतला. एक बाजू सरांनी मोजली. धाकटा दाराला टेकून उभा होता. शंभर कण मोजून झाले तेव्हा अडुसष्ट बारीक निघाले. निम्म्याहून जास्त असले की पूड अतिसूक्ष्म, एवढं तर धाकट्यालाही पाठ होतं.

"म्हणजे अकरा महिने मी..." धाकटा म्हणाला.

"हो," ताई म्हणाल्या.

"चूक माझी आहे, पत्र माझ्या टेबलावर होतं," सर म्हणाले.

"पत्र तुमचं, बटण माझं." ताईंचा आवाज चढला. "मी दिलं ते बटण. हा उन्हात उभा राहायला नको म्हणून दिलं. एवढी शहाणी मी, मला एवढंही सुचलं नाही की व्याख्या बदलल्यावर मागच्यासारखं काही उरत नाही!" मग त्यांनी चष्मा काढला आणि सगळ्यांदेखत रडल्या. धाकटा पुढे आला, पण काय करावं ते त्याला कळेना. शेवटी त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग तिथे लागलेली पांढरी धूळ झटकली. ती धूळ त्याच्याच हाताची होती.

तुम्ही विचाराल, तुला काय वाटलं? मित्रांनो, मला वाटण्यासाठी काही दिलेलं नाही. ताईंनी त्या दिवशी माझ्यात बत्तिसावा प्रश्न घातला: गुठळीतले कण सुटे मोजले का? मी तो विचारला, ताईंनी हो म्हटलं, अडुसष्टचा आकडा दिला, आणि मी पिवळा कागद छापला. मी तो छापताना आवाज हिरव्या कागदाच्या वेळी होतो तेवढाच झाला.

धाकट्याच्या छातीची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आज काही दिसत नाही, दरवर्षी येऊन दाखवत जा. परत आल्यावर धाकट्याने हे माझ्यासमोरच सरांना सांगितलं आणि विचारलं, "आज नाही म्हणजे उद्याही नाही ना?" सरांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "माहीत नाही, धाकटे." या प्रयोगशाळेत ताई गेल्यानंतर कुणी ते उत्तर दिलं होतं ते पहिल्यांदाच.

ते बटण ताईंनी काढून टाकलं. धाकटा कुरकुरला, "म्हणजे परत एकतीस प्रश्न?" ताई म्हणाल्या, "बत्तीस. आणि तू सावलीत स्टूल टाकून बसायचं." तळाची मुंगीएवढी ओळ त्यांनी वर आणली आणि बोटाएवढ्या अक्षरांत केली. तेवढ्यावर धाकट्याचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो मास्क चढवण्याआधी आत यायचा, माझ्या पडद्यासमोर उभा राहायचा आणि मोठ्याने विचारायचा, "कधीचा रे तू, भोचका?" मग सरांना हातातलं काम सोडून व्याख्या आणि तारीख वाचून दाखवावी लागे. पहिल्यांदा लोक हसले. पुढे पुढे भरणीच्या खोलीतले सगळेच विचारायला लागले. बत्तीस प्रश्न मी त्यांना विचारायचो, आणि एक प्रश्न ते मला. चौथी व्याख्या आली तेव्हा पत्र फायलीत गेलं नाही. ते तिसऱ्याच दिवशी माझ्या पोटात होतं.

अशी बरीच वर्षं गेली. झटपट सर बदली होऊन गेले, साहेब निवृत्त झाले. चौथ्या व्याख्येतून मी पाचवीत आलो, पण माझा संगणक थकला. मग गेल्या महिन्यात प्रयोगशाळेच्या नवीन प्रमुख मॅडम एक चपटं, चकचकीत उपकरण घेऊन आल्या. ते सूक्ष्मदर्शकाचा फोटो स्वतःच बघतं, कण स्वतःच मोजतं आणि दारावरच्या छोट्या पडद्यावर रंग दाखवतं. प्रश्न म्हणून विचारत नाही. माझी वायर त्याच दिवशी निघाली. मॅडमनी माझ्यावर खोकं ठेवलं ते जागा हवी म्हणून, अपमान करायला नव्हे.

नव्या उपकरणाचा पहिला दिवस. बारा नंबरची बॅच होती. दारावर हिरवा रंग उमटला. धाकटा आला. आता त्याच्या भुवया पुडीशिवायच पांढऱ्या आहेत. त्याने हिरवा रंग पाहिला, सवयीने माझ्या टेबलाकडे आला, माझ्या काळ्या पडद्याकडे आणि खोक्याकडे बघितलं, आणि मॅडमकडे वळला.

"हा कधीचा?"

"काय काका?"

"हा नवीन. कुठली व्याख्या आहे याच्यात? कधीची?"

मॅडमनी उपकरण उलटसुलट करून पाहिलं. "अहो काका, एकदम नवीन आहे. कालच खोक्यातून काढलाय."

"नवीन तर तो पण होता," धाकटा माझ्याकडे बोट करून म्हणाला.

"हिरवं दाखवतोय ना. मग अडचण काय आहे?"

"अडचण काही नाही. तुम्हाला माहीत नाही ना? मग थांबू." त्याने सावलीतलं स्टूल ओढलं आणि भरणीच्या दाराला पाठ लावून बसला. त्याच्यामागे उभी असलेली चार माणसंही फडकी हातात घेऊन भिंतीशी बसली. मॅडमनी एक फोन केला, मग दुसरा, मग तिसरा. पलीकडच्या लोकांनाही ते लगेच सांगता येईना. नरसाळं रिकामं होतं आणि पंखे बंद होते. अर्धी सकाळ तशीच गेली.

मित्रांनो, मला पाचवी व्याख्या तोंडपाठ आहे. पण विचारलं त्याला होतं, मला नाही. माझी वायर गुंडाळलेली होती. तुम्ही माझ्यासारखं काही बनवाल, विकत घ्याल, किंवा नुसतं त्याच्या रंगावर विश्वास ठेवून एखाद्या दारातून आत जाल, तेव्हा एवढी काळजी घ्या. आमचे प्रश्न आम्ही विचारूच. आमचं वय आम्हाला कळत नाही, ते तुम्ही विचारा.

तेवढ्यात धाकट्याच्या खिशातला फोन वाजला. नवीन उपकरणाचा पहिला दिवस म्हणून ताईंचाच असणार. पलीकडून त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. धाकट्याचं तेवढं ऐकलं.

"नाही गं ताई, आत नाही गेलो. बाहेरच बसलोय. हो, सावलीत."